वजा जाता उरलेलं गाव

वजा चंद्र

आधी चंद्र वजा करायचा.

चंद्र डोक्यावर आला की तुमचं, माझं, गोठ्यातल्या म्हशीचं, सगळ्यांचं वजन जरासं घटतं. इतकं जरासं की ते कळायला सातपुड्याच्या पायथ्याशी खडकात तीनशे मीटर खोल विवर खणावं लागतं. आम्ही खणलं. मग सूर्य वजा करायचा. मग हवा. दाब वाढला की डोक्यावरची हवा जड होते आणि आपल्याला वरच्या बाजूला ओढते, तेवढं मोजून काढून टाकायचं. मग पूर्णा नदीचं पाणी. मग अकोटची मालगाडी. मग हायड्रोजनचा कारखाना. सगळं काढून टाकल्यावर जे उरतं त्यात विश्वाचा आवाज असतो, असं आम्ही अनुदानाच्या अर्जात लिहिलं होतं.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. रुबिडियम धातूचे काही लाख अणू घ्यायचे. लेसरच्या माऱ्यानं त्यांना इतकं थंड करायचं की ते जवळजवळ थिजतात. मग ते विवरात सोडायचे. एवढा थंड अणू दगडासारखा पडत नाही, लाटेसारखा पडतो. त्या लाटेचे लेसरनं दोन भाग करता येतात. दोन्ही भाग वेगळ्या वाटांनी जातात आणि खाली पुन्हा भेटतात. भेटताना लाटा किती जुळल्या, यावरून वाटेत त्यांना कुणी किती ओढलं ते कळतं. लांब कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येत असली तर अवकाश स्वतः थरथरतं, आणि ती थरथरही याच जुळण्यात उतरते. आम्हाला ती हवी होती.

अडचण एकच. ज्याला वस्तुमान आहे ते सगळं ओढतं. फाटकातून टँकर आत आला तरी यंत्राला कळतं. जमिनीखालचं पाणी सरकलं तरी कळतं. म्हणून आसपासच्या बावीस गावांत आम्ही लहान पेट्या बसवल्या. कुठे शाळेत, कुठे ग्रामपंचायतीत, एक मशिदीच्या ओसरीत. प्रत्येक पेटी आपल्या पायाखालचं वजन मोजते. त्या पेट्यांवरून आसपासची ओढ ओळखून ती मुख्य यंत्राच्या मोजणीतून काढून टाकायची, हे काम माझं. डॉ. शलाका तायडे, वय एकोणचाळीस, गोंगाट-प्रमुख. हे पद खरंच आहे. हसू नका.

आणि मग २०४१ साली जिल्हा कार्यालयाला कळलं की भौतिकशास्त्रज्ञ जे फेकून देतात त्यात पाणी दिसतं.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. इथे कुठेही खणलं तर पाणी लागतं आणि ते तोंडात धरवत नाही. पण मध्येच एखाद्या ठिकाणी, खाऱ्या पाण्यावर साय धरावी तशी, गोड्या पाण्याची पातळ चकती तरंगत असते. त्या चकतीवर गाव वसतं. काटखेड असंच वसलं. मी तिथली. कारखानाही अशाच चकतीच्या कडेला येऊन बसला, कारण हायड्रोजन काढायला गोडं पाणी लागतं. तेव्हा सरकारनं नियम केला: पेट्यांच्या मोजणीत वजाबाकीनंतर जे उरतं त्याचा नकाशा दर सोमवारी आपोआप जिल्हा कार्यालयात जाईल. ज्याच्या जमिनीखालचं पाणी मर्यादेबाहेर घटलेलं दिसेल त्याला आपोआप नोटीस जाईल. माणसाचा हात कुठेही लागणार नाही.

माणसाचा हात लागणार नाही, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं. टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

वजा ताई

"शलू, नोटीस आली व."

माझी मोठी बहीण कुंदाताई. काटखेडला अंगणवाडी चालवते. तिच्या आवाजामागे पोरांचा गलका चालू होता.

"कुणाला?"

"कुणाले म्हणजे? गावाले. मोठ्या विहिरीवर. तुह्या भाऊजीचं नाव आहे खाली. देवराव सदाशिव काटे, पाणीवाला. अवैध उपसा म्हणते. तो चावी फिरवते ना व्हॉलची, म्हणून तो चोर."

"किती उपसा लिहिलाय?"

"पाह्य, चोर कोण ते नाई विचारलं. किती ते विचारून राहिली."

"ताई, आकडा सांग ना."

तिनं सांगितला. मी समोरच्या पडद्यावर काटखेडची पेटी उघडली. नोंद होती: आर-सतरा, अज्ञात स्रोत. आकडा बरोबर होता. गावाखालून रोज टँकरमागून टँकर वजन नाहीसं होत होतं.

"ताई," मी म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. भाऊजी कुणाला तरी पाणी देत असतील. वीटभट्टीला वगैरे. तू विचारून बघ एकदा."

गलका एकदम थांबल्यासारखा झाला. तिनं फोनवर हात ठेवला असावा.

"शलू," ती परत आली तेव्हा आवाज अगदी साधा होता, "तू तुह्या भाऊजीले किती वर्षांपासून ओळखते?"

"अठरा."

"आणि त्या पेटीले?"

मी म्हणाले, "प्रश्न तो नाहीये."

तिनं फोन ठेवला.

वजा देवराव

पहिल्या सुनावणीला प्रयोगशाळेनं मलाच पाठवलं. तज्ज्ञ म्हणून. मी कुणाची मेहुणी आहे हे मी आधीच लिहून कळवलं होतं. 'हरकत नाही, आकडे यंत्राचे आहेत, व्यक्तीचे नाहीत,' असं उत्तर आलं.

उपविभागीय अधिकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, या आकड्यात चूक किती असू शकते?"

"तीन टक्के. त्याहून जास्त नाही."

हे वाक्य खरं होतं. मला आजही ते वाक्य खरंच वाटतं, आणि ते आठवलं की मला माझ्या तोंडात मारावंसं वाटतं.

देवराव भाऊजी उभे होते. पांढरा सदरा, हातात टोपी. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "साहेब, मोटर जळाली होती. मार्च महिन्यात. अकोटले रिवाइंडिंगले टाकली होती. एकवीस दिवस विहिरीवर मोटरच नोती. मंग उपसा कायनं केला, तोंडानं?"

मागे कुणीतरी हसलं. अधिकारी म्हणाले, "कागद आहे का?"

"मोटरचा?"

"दुरुस्तीचा."

"साहेब, चांद मिस्त्री कागद देत नाई. मोटर देते."

कागद नव्हता. यंत्राकडे कागद होता, त्यावर माझी सही होती. मोठ्या विहिरीच्या पंपाला लाखेची मोहर लागली, भाऊजींच्या हातून व्हॉल्व्हची चावी काढून घेतली, आणि अंतिम निकालापर्यंत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेपर्यंत, गावाला टँकर सुरू झाला. नऊ तारखेला निकाल विरुद्ध गेला की विहीर कायमची बंद आणि भाऊजींवर फौजदारी.

टँकर कारखान्यानं दिला. मोफत. टाकीवर हिरव्या रंगात लिहिलं होतं: 'जल हेच जीवन. सौजन्य:' आणि पुढे कारखान्याचं नाव. आमच्या ताईनं त्या टँकरखाली कळशी धरलेला फोटो कारखान्याच्या मासिकात छापून आला. कुणी विचारलं नव्हतं तिला.

वजा समजूतदारपणा

एकवीस दिवस.

मी शास्त्रज्ञ आहे, म्हणून सांगते की मी प्रेमापोटी काही शोधलं नाही. मला भाऊजी खोटे आहेत हे सिद्ध करायचं होतं. मार्च महिन्याचे ते एकवीस दिवस काढले. मोटर खरोखर काढलेली असेल तर पंप सुरू होताना आणि बंद होताना पेटीत जो बारीक झटका दिसतो तो दिसणार नाही. दिसलाच तर भाऊजी खोटे.

झटका नव्हता. एकवीस दिवसांत एकदाही नाही.

आणि त्याच एकवीस दिवसांत गावाखालचं पाणी सगळ्यात जास्त घटलं होतं.

विहिरीतून थेंब निघत नाही आणि विहीर आटते. मी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तौसीफ देशमुखला हाक मारली. तो लेसर सांभाळतो, आणि दुसऱ्याचा आलेख बघून तोंड वाकडं करणं हा त्याचा छंद आहे.

"पाणी गेलं कुठे?" मी म्हणाले.

"वाफ झाली. तुझ्या डोक्याची उष्णता." मग तो वाकून बघायला लागला. "शेजारी कोण पितंय?"

"कारखाना. पण कारखाना वजा केलेला आहे."

"किती वजा केलाय?"

"जेवढा आहे तेवढा."

"म्हणजे किती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कारखान्याचं वेळापत्रक शोधायला लागले.

आता हे नीट ऐका, कारण ही चूक आमच्यासारखी माणसंच करू शकतात. चोर करू शकत नाही, मूर्ख करू शकत नाही. त्याला शिक्षण लागतं.

कारखान्यानं प्रतिज्ञापत्रावर वेळापत्रक दिलं होतं: पंप अमुक वाजता सुरू, तमुक वाजता बंद, रोज चाळीस टँकर पाणी. त्या वेळापत्रकावरून आम्ही कारखान्याच्या ओढीचा एक साचा बनवला. मग संगणकाला सांगितलं: हा साचा मोजणीत जिथे जिथे सापडेल तिथून काढून टाक. साचा किती पटीनं मोठा घ्यायचा, ते तुझं तू ठरव. सगळे असंच करतात. साच्याला एक मोकळा गुणक द्यायचा आणि संगणकाला जो आकडा नीट बसेल तो बसवू द्यायचा. कारखाना खरं बोलत असेल तर गुणक एक येईल. तो आला किती, हे कुणी बघत नाही, कारण आम्हाला कारखान्यात रस नसतो, कारखाना गेल्यावर उरणाऱ्या विश्वात रस असतो. अशा गुणकाला आमच्या धंद्यात 'उपद्रवी' म्हणतात. उपद्रवी आकडे फायलीच्या शेवटी अडतिसाव्या रकान्यात पडतात. गेली तीन वर्षं रोज पडत होते. फाईल माझी होती.

मी अडतिसावा रकाना उघडला.

नऊ पूर्णांक चार.

तौसीफ हळूच म्हणाला, "अरे बाप रे."

चाळीस गुणिले नऊ पूर्णांक चार. रोज पावणेचारशे टँकर. कारखाना जितकं जास्त चोरत होता तितकं आमचं यंत्र जास्त इमानदारीनं ते पुसून टाकत होतं. आणि वाळूतून पाणी हळू चालतं. कारखान्यानं ओढलेलं पाणी काटखेडखालून निघून तिकडे पोचायला अकरा दिवस लागत होते. साचा फक्त त्याच तासाची ओढ ओळखत होता. अकरा दिवसांनी गावाखाली पडलेला खड्डा त्याच्या ओळखीचा नव्हता. म्हणून तो उरला. म्हणून त्याला नाव मिळालं, आर-सतरा, अज्ञात. म्हणून नोटीस.

गावाचं पाणी चोरीला गेलं आणि चोरीचा माल गावात कमी आहे, या पुराव्यावर गावाला चोर ठरवलं.

काटखेडचा साचा का नव्हता? कारण काटखेडचं वेळापत्रक नव्हतं. वीज येईल तेव्हा भाऊजी पळत जाऊन मोटर लावतात. ज्यांच्याकडे वेळापत्रक असतं ते वजा होतात. ज्यांच्याकडे नसतं ते उरतात. आणि नकाशा उरलेल्यांचा काढतात.

वजा चार महिने

प्रयोगशाळेच्या संचालक डॉ. वसुधा गद्रे. मी पीएच.डी. त्यांच्याकडे केली. त्या वाईट बाई नाहीत. हे मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं आहे.

त्यांनी अडतिसावा रकाना वाचला. चष्मा काढला. पुसला.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उत्तम काम आहे. अंतर्गत समितीपुढे ठेव. दोन स्वतंत्र गट पडताळतील. चार महिने धर."

"निकाल नऊ तारखेला आहे मॅडम. तेरा दिवस आहेत."

"पडताळल्याशिवाय या दारातून एक आकडा बाहेर जात नाही, शलाका. नियम तूच नवीन मुलांना शिकवतेस."

"नकाशा गेला. दर सोमवारी जातो. तो कोणत्या समितीनं पडताळला?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सांगा ना. कोणत्या?"

"तो... तो विज्ञानाचा भाग नव्हता."

"मग माझा भाऊजी कशाचा भाग आहे?"

"आवाज खाली."

"नाही."

"हे बघ. सतरा तारखेपासून तीन देशांची यंत्रं आपल्याबरोबर एकाच वेळी ऐकणार आहेत. अकरा वर्षं मी या आठवड्याची वाट बघितली आहे. आत्ता गोंगाटाच्या वजाबाकीला हात लागला तर मुख्य मोजणी आंधळी होईल. कारखान्याची खरी ओढ आत आली की आपल्याला दुसरं काही ऐकू येणार नाही. आणि आपली वीज कारखान्याकडूनच येते, तेही धर. चार महिने थांबायला सांगतेय, गप्प बस म्हणत नाहीये. इतका समजूतदारपणा तुझ्याकडून..."

"समजूतदार मी तीन वर्षं होते. तेव्हा गुणक एकाचा नऊ झाला."

त्या म्हणाल्या, "दरवाजा लावून जा."

मी दरवाजा उघडा टाकला. एवढंच जमलं. घरी जाताना मला आठवलेली दहा चांगली वाक्यं इथे लिहीत नाही. त्यांचा उपयोग नाही.

बदलाची नोंद

आकडा बाहेर न्यायचा नाही, हा नियम. ठीक. मी एकही आकडा बाहेर नेला नाही.

गोंगाट-प्रमुखाला वजाबाकीच्या सूत्रात बदल करायचा अधिकार आहे. प्रत्येक बदलाला कारण लिहावं लागतं, आणि तो मागे घ्यायचा तर समितीची पडताळणी लागते. सोमवारी सकाळी दहाला, सगळ्यांसमोर, माझ्याच टेबलावर बसून मी ही नोंद केली:

*बदल करणार: श. तायडे.*
*स्रोत: हायड्रोजन कारखाना.*
*आधी: गुणक मोकळा.*
*आता: गुणक बांधलेला, किंमत एक.*
*कारण: कारखान्याने प्रतिज्ञापत्रावर दिलेला आकडा खरा मानण्यात येत आहे.*

बास. मी फक्त त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

संगणकानं कारखान्याचे चाळीस टँकर वजा केले. उरलेले तीनशे छत्तीस आता कुणाचेच नव्हते. ते उरले. नकाशावर कारखान्याच्या कुंपणाच्या आत एवढा मोठा काळा डाग उमटला की तौसीफनं खुर्ची मागे सरकवली. मार्चपासूनचे सगळे सोमवार नव्यानं मोजले गेले. वाळूतून पाणी किती वेगानं चालतं ते माहीत होतंच. डागापासून काटखेडपर्यंत अकरा दिवसांची काळी शेपटी दिसायला लागली. दुपारी बाराला नकाशा आपोआप जिल्हा कार्यालयात गेला. बारा वाजून चार मिनिटांनी नोटीस आपोआप छापली गेली. माणसाचा हात कुठेही लागला नाही.

सव्वाबाराला मुख्य यंत्र आंधळं झालं. तळघरातून अणूवाले धावत वर आले, पलीकडच्या इमारतीतून यंत्राची वेळ जुळवणारे घड्याळवाले आले. एकानं मला विचारलं, "मॅडम, काय झालं? काहीच ऐकू येत नाहीये."

"येतंय," मी म्हणाले. "इतके दिवस येत नव्हतं."

गद्रे मॅडम दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. "तू अकरा वर्षं बुडवलीस," एवढंच म्हणाल्या, आणि मला ते नीट ऐकू आलं. त्यांचं दुःख खरं होतं. मला राग त्याचाही आला, की ते खरं होतं.

माझं ओळखपत्र तीन वाजता बंद पडलं.

नऊ तारीख

उपविभागीय अधिकाऱ्यांचा कक्ष. डावीकडे काटखेडची वीस-पंचवीस माणसं, उजवीकडे कारखान्याचे दोन वकील. मी मागे, बाकाच्या टोकाला. मला कुणी बोलावलं नव्हतं. ताईनं एकदा वळून बघितलं आणि पुन्हा पुढे बघायला लागली.

मोठे वकील उठले. आवाज तुपासारखा. "साहेब, आमच्या अशिलाला जी नोटीस आली आहे ती एका निलंबित कर्मचाऱ्यानं सूत्रात केलेल्या फेरफारामुळे आली आहे."

अधिकारी म्हणाले, "फेरफार काय, तर तुमचा आकडा खरा धरला. इथे लिहिलंय."

मागे कुणीतरी फुसकन हसलं.

"मुद्दा व्यापक आहे साहेब. हे यंत्र कृष्णविवरं शोधण्यासाठी आहे. पाणी मोजण्यासाठी नाही. सूत्रातला एक शब्द बदलला तर डाग इकडचा तिकडे जातो. अशा यंत्राच्या आकड्यावर कुणालाही दोषी धरणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे."

"कुणालाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कुणालाही."

ताई उठली. तिला वकील नव्हता.

"साहेब, मी बोलू का?"

"बोला."

"हे वकील साहेब बरोबर बोलून राहिले." तिनं पदर खोचला. "यंत्रावर इश्वास ठेवू नका. लिहून घ्या त्याइचं. आता मले सांगा, आमच्या विहिरीले जे मोहर लावली, थे कोणाच्या सांगण्यावरून? याच यंत्राच्या ना? मंग थे खोटं असन तर आमची मोहर काढा. आणि खरं असन तर याइच्या पंपाले लावा. दोन्ही नाई करत असान तर मले फक्त एवढं सांगा, की यंत्र कोणाच्या दारात खरं होते आन् कोणाच्या दारात खोटं."

वकील म्हणाले, "बाई, हे भावनिक..."

"भावना नाई व साहेब. वजाबाकी आहे. अंगणवाडीतली पोरं करते."

अधिकाऱ्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण उघडलं, लावलं. त्यांना कुणाची बाजू घ्यायची नव्हती हे स्पष्ट दिसत होतं, आणि ताईनं त्यांना मधली जागाच ठेवली नव्हती. शेवटी त्यांनी सांगितलं: काटखेडच्या विहिरीवरची मोहर आजच काढावी. देवराव काटे यांच्यावरची कारवाई रद्द. कारखान्याच्या पंपांवर माणसं पाठवून प्रत्यक्ष मोजणी करावी, मुदत तीन महिने.

तीन महिने. तोवर पंप सुरू. लिहून ठेवा.

बाहेर, आवारात

निंबाच्या झाडाखाली गावाची जीप उभी होती. भाऊजींच्या हातात चावी परत आली होती, आणि लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. "देवराव, आता नळ सोडशील का तोंडानंच?" ते हसत होते. मी जवळ गेले तशी हसण्याला खीळ बसली.

"ताई," मी म्हणाले.

"तो आकडा," ती म्हणाली, "कारखान्याच्या नोटिशीतला, नवाचा. तो तुह्या फायलीत कधीपासून होता?"

"नऊ आत्ता आत्ता झाला. पण रकाना तीन वर्षांपासून आहे."

"रोज?"

"रोज."

"मंग वाचला काऊन नाई?"

मी तिला साचा, गुणक, उपद्रवी आकडा, सगळं सांगू शकत होते. मी म्हणाले, "आम्ही तो रकाना वाचत नाही."

भाऊजी मध्ये पडले. "जाऊ दे कुंदा. सोडवलं ना तिनं."

"तुम्ही गप बसा जी." तिनं माझ्या हाताकडे बघितलं. "आहे तुह्यापाशी आता? फोनात?"

होता. ओळखपत्र बंद पडायच्या आधी मी तेवढा एक रकाना उतरवून घेतला होता. आकडा बाहेर न्यायचा नाही, हा नियम मी शेवटी मोडलाच होता.

"वाच," ती म्हणाली.

"इथे?"

"मोठ्यानं. याइले सगळ्याइले ऐकू गेलं पायजे."

जीपमध्ये चढलेली माणसं खाली उतरली. मी फोन डोळ्यांपाशी धरला. उन्हात पडदा दिसत नव्हता, एका म्हातारीनं पदराची सावली केली.

"बारा जून, दोन हजार चाळीस. एक पूर्णांक शून्य."

म्हातारीनं सावली नीट धरली.

"नोव्हेंबर. एक पूर्णांक सहा. फेब्रुवारी, दोन पूर्णांक दोन."

"फेब्रुवारीत माही बोअर गेली," एक माणूस म्हणाला. "मी म्हटलं, खडक लागला."

"एप्रिल, तीन पूर्णांक एक."

"शाळेची टाकी," दुसरीकडून आवाज आला. "मास्तरनं पोराइले घरून पाणी आणाले लावलं."

"सप्टेंबर, तीन पूर्णांक नऊ. डिसेंबर, चार पूर्णांक आठ."

"गणपत गेला गाव सोडून. डिसेंबरातच ना?"

"हाव. म्हशी इकून."

मी वाचत होते आणि ते भरत होते. प्रत्येक आकड्याला कुणाचं तरी काहीतरी होतं. आमच्या बावीस पेट्यांनी तीन वर्षांत जे जमवलं नव्हतं ते त्या झाडाखाली पाच मिनिटांत जमलं.  

"एकोणीस मे. सहा पूर्णांक सात."

कुणालाच काही आठवेना. मी पुढच्या ओळीवर बोट नेलं.

"थांब," ताई म्हणाली. "एकोणीस मेले तू आल्ती. पोरीच्या वाढदिवसाले. मी चहा टाकला. तू एक घोट घेतला आन् म्हणे, ताई, यात मीठ पडलं का व?"

मला आठवलं. मी हसले होते. कप तसाच ठेवून निघून आले होते, कारण सोमवारचा नकाशा जायच्या आधी टेबलावर पोचायचं होतं.

"मी नवीन पावडर आणली," ताई म्हणाली. "मले वाटलं, चहाच खराब."

माझं बोट पुढच्या ओळीवरच होतं.

"थांबली काऊन?" ती म्हणाली. "वाच ना. पुढचा."